बी कुठे बसते, पाणी कुठे लागते

पावसाळ्यात येणाऱ्या पत्रांतले बरेच प्रश्न एकाच मुळाशी जातात: ही वनस्पती नेमकी कोणत्या गटातली? माझा आग्रह असा, की पानाखोडाच्या रूपावर लगेच विसंबू नये. नर पेशी अंड्यापर्यंत कशी पोचते आणि बी असेल तर ते कुठे बसते, हे आधी पाहावे.

नेफ्रोलेपिस या कुंडीतल्या नेच्याच्या पानांमागे तपकिरी ठिपके आलेत. बुरशीनाशक मारू का? (एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली)

ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर असतील तर मुळीच मारू नका. ते बीजाणूधानींचे, म्हणजे बीजाणू बनवणाऱ्या पिशव्यांचे, पुंजके आहेत. रोगाचे डाग इतक्या शिस्तीत येत नाहीत, आणि खवले कीड असेल तर ती देठावरही दिसते, पान चिकट होते. ठिपके पिकले की ते पान पांढऱ्या कागदावर ठेवा, ठिपक्यांची बाजू खाली. एकदोन दिवसांत बारीक भुकटी पडेल, ते बीजाणू. त्यांतून थेट नेचा उगवत नाही. ओल्या विटेवर आधी नखाहून लहान, बदामी आकाराचा हिरवा पापुद्रा धरतो. नर-मादी अवयव त्याच्यावर असतात. नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंड्यापर्यंत जाते आणि त्या मीलनातून नवा नेचा वाढतो.

मॉसलाही पाणी लागते, त्यालाही बीजाणूच. मग मॉस आणि नेचा वेगळ्या गटांत का? (अकरावीचा विद्यार्थी, कराड)

मॉसमध्ये जलवाहिन्या, रसवाहिन्या नाहीत. मुळांच्या जागी मुलाभ, म्हणजे मुळांसारखे धागे, असतात. त्यामुळे पावसात भिंतींवर दिसणारे मॉस सहसा बोटभरही उंच होत नाही. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. मॉसचे हिरवे रोप म्हणजे युग्मकोद्भिद: नर-मादी पेशी बनवणारी पिढी, गुणसूत्रांचा एकच संच असलेली. त्यावर उभी राहणारी दांडी आणि तिच्या टोकाची बोंडी म्हणजे बीजाणूउद्भिद, बीजाणू बनवणारी पिढी, पोषणासाठी बरेचसे त्या रोपावरच अवलंबून. नेच्यात पारडे फिरते: मोठे झाड बीजाणूउद्भिद, आणि युग्मकोद्भिद तो वर सांगितलेला पापुद्रा. आकृती पाठ करण्याआधी भिंतीवरचे मॉस भिंगाखाली पाहा, फरक कायमचा लक्षात राहील.

सुरूला सुया आणि शंकू, म्हणून मुले त्याला अनावृत्तबीजी (उघड्या बियांचे) म्हणतात. सिल्व्हर ओकबद्दलही गोंधळ होतो. (शिक्षिका, पाचगणी)

दोन्ही झाडे सपुष्प, आवृत्तबीजी आहेत, म्हणजे बी फळात झाकलेले. सुरूच्या 'सुया' म्हणजे सांध्यासांध्यांच्या हिरव्या डहाळ्या. सांध्यावर ओढली की डहाळी तुटते आणि तिथे खवल्यांएवढ्या पानांचे कडे दिसते. त्याचा 'शंकू' हा फळांचा समूह आहे, बी पंख असलेल्या छोट्या फळात बंद असते. सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियातला. त्याची नारिंगी फुलेच पुरेसा पुरावा आहेत.

मुलांना खरे अनावृत्तबीजी दाखवायचे तर अंगणातली मोरपंखी घ्या. शंकू उकलला की खवल्यावर बी उघडे बसलेले दिसते, भोवती फळ नाही. सायकसही याच गटातला. त्याच्या नर पेशी आजही पोहतात, फक्त पाऊस लागत नाही, कारण परागनलिका त्यांना अंड्याजवळ आणून सोडते. जपानच्या इकेनो यांनी हे १८९६ साली दाखवले. उलटी फसगत सह्याद्रीच्या सदाहरित रानात होते. नीटम नावाची महावेल रुंद पानांमुळे अगदी सपुष्प वाटते, पण बी उघडेच.

वर्गात सहसा निसटणारा एक मुद्दा अन्नसाठ्याचा. मोरपंखीच्या बीजांडात अन्नसाठ्याची ऊती फलनाआधीच बनू लागते, फलन झाले नाही तर तो खर्च वाया. शाळूत एक नर पेशी अंड्याशी आणि दुसरी मधल्या दोन केंद्रकांशी मिळते, तेव्हाच भ्रूणपोष, म्हणजे बियातला अन्नसाठा, बनू लागतो. हे दुहेरी फलन नवाशिन यांनी १८९८ मध्ये उलगडले. आपली भाकरी मुख्यतः याच भ्रूणपोषाची. मला आवृत्तबीजींच्या यशातला हा फार मोठा हिशेब वाटतो.

थॉमसन द्राक्षात बी नाही, मग ती बीजधारी वनस्पती कशी? (बागायतदार, तासगाव)

परागण आणि फलन दोन्ही होतात. नंतर भ्रूणाची वाढ खुंटते आणि मण्यात बियांचे मऊ अवशेष राहतात. वाढते बी जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक पुरवून मणी फुगवते. इथे ते कमी पडते, म्हणून तुम्ही घड जीएमध्ये (जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात) बुडवता. बी नसल्याने वाण काडीनेच टिकवायचा: डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटावर कलम भरायचे. बिनबियांच्या वाणावर संकर करताना तज्ज्ञ भ्रूण मरण्याआधीच काढून प्रयोगशाळेत वाढवतात.

हळदीला फूल येते. त्याचे बी धरून लागण करता येईल का? (शेतकरी, मिरज तालुका)

नाही. हळदीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यांची नीट जोडी लागत नाही, म्हणून बी सहसा धरतच नाही. निरोगी जेठे गड्डे निवडून सावलीत साठवा, लागण त्यांचीच करा.