नुसता प्रोग्रामर

"अकरा वर्षे कोड लिहितो आहे आणि अजून मी नुसता प्रोग्रामरच आहे," असे माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले एक गृहस्थ पहिल्याच भेटीत म्हणाले, आणि पुढची तीन सत्रे त्यातल्या 'नुसता' या शब्दावरच खर्ची पडली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांच्याबरोबर नोकरीला लागलेल्यांपैकी कोणी 'सोल्युशन आर्किटेक्ट' झाले होते, कोणी 'टेक इव्हँजेलिस्ट', तर एकजण स्वतःला 'कोड निन्जा' म्हणवून घेत होता. रात्री लिंक्डइनवर ही बिरुदे वाचत बसायचे आणि मग डोळा लागायचा नाही, असा त्यांचा क्रम झाला होता.

मोजायला पक्के माप नसले की माणूस स्वतःला दुसऱ्या माणसांच्या शेजारी उभे करून मोजतो, असे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडले होते. कोड चालतो की नाही हे यंत्र सांगते. आपण पुढे गेलो की मागे राहिलो हे मात्र कोणतेच यंत्र सांगत नाही, आणि ती रिकामी जागा पदनाम भरून काढते. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्दप्रयोगसुद्धा जर्मनीतल्या गार्मिश इथे 1968 मध्ये भरलेल्या सॉफ्टवेअरविषयक परिषदेसाठी मुद्दाम डिवचण्याकरिता निवडला होता, हे सांगितल्यावर ते प्रथमच हसले. (आमच्या क्षेत्रातही 'जीवन-परिवर्तन प्रशिक्षक' काही कमी नाहीत.)

मागच्या शुक्रवारी काय केले, ते एकही विशेषण न वापरता लिहून आणा, असे मी सुचवले. त्यांनी लिहिले होते: "ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात होते. उत्तर यायला उशीर झाला की प्रणाली तीच विनंती पुन्हा पाठवत होती. प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक दिला आणि तो आधी येऊन गेला आहे का, हे तपासायला लावले." मग लिंक्डइनवरच्या एका मित्राच्या 'डिजिटल परिवर्तनाचा शिल्पकार' या ओळीतून त्याचा शुक्रवार कसा गेला असेल ते सांगा, असे मी म्हटले. त्यांना सांगता आले नाही. याचा अर्थ मित्र पोकळ आहे असा मुळीच नाही, हे मला तिथल्या तिथे स्पष्ट करावे लागले, कारण तुलनेतून सुटलेला माणूस फार लवकर तुच्छतेकडे वळतो.

पदनाम म्हणजे निव्वळ देखावा, असे मात्र मी त्यांना सांगितले नाही. त्यांच्या कंपनीत वेतनश्रेणी पदनामाला बांधलेली होती आणि तीन वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नव्हता. तेव्हा ही तक्रार माझ्यापुढे नव्हे, वरिष्ठांपुढे मांडायची होती. शुक्रवारच्या कामाचा तो कागद घेऊन ते वरिष्ठांना भेटले. पदनाम अजून बदललेले नाही. श्रेणीचा फेरविचार सुरू आहे.

मध्यंतरी एका बैठकीत कोणीतरी 'पॅरडाइम शिफ्ट' म्हणाले, तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे सोमवारपासून नक्की काय बदलायचे?" बोलणारे क्षणभर थांबले आणि म्हणाले, ते अजून ठरायचे आहे.