एक्के हरले, हूल पकडली गेली

प्रश्न : गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर होल्डेम पोकर खेळताना तीन तासांत दोनदा माझी एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीकडून हरली. दोन्ही वेळा फ्लॉपआधीच (टेबलावरच्या पाच सामाईक पत्त्यांतले पहिले तीन उघडण्याआधी) ऑल-इन झालं होतं, म्हणजे सगळ्या चिपा लागल्या होत्या. टेबल किंवा डीलर बदलून घ्यावा का? (सांगली)

उत्तर : डीलर तसाही थोड्या थोड्या वेळानं बदलतोच, पत्त्यांना त्याचं सोयरसुतक नाही. राजांपुढे एक्के शंभरातले सुमारे ८२ डाव जिंकतात, म्हणजे १८ वेळा हरतातच. सलग दोनदा हरण्याची शक्यता शंभरात तीन. आता दुसरी बाजू बघा. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते आणि लाइव्ह टेबलावर तासाला २५-३० डाव होतात. साधारण आठ तासांत एकदा दिसणारी जोडी तुम्हाला तीन तासांत दोनदा लागली! नशिबाचा हिशेबच मांडायचा, तर हेही जमेला धरा.

पैसे जातात ते त्यानंतरच्या अर्ध्या तासात. एरवी न बघता टाकून दिली असती अशी गुलाम-सत्ती ‘आता तरी लागेल’ म्हणून खेळली जाते. मोठा डाव हरलात की उठा, डेकवर जा, दोन फेऱ्या चुकवा. परतल्यावर चुकलेले ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी सक्तीनं लावायची रक्कम) भरावे लागतील, पण ते स्वस्तात पडतं. १००-२०० ब्लाइंडच्या टेबलावर बसताना २०,००० घेऊन बसा आणि दुसऱ्यांदा तेवढे गेले की त्या दिवसापुरता खेळ बंद. हा आकडा बसण्याआधी ठरवायचा, हरल्यावर नाही.

प्रश्न : माझी हूल (ब्लफ, म्हणजे कमजोर पत्त्यांवर मोठी बेट) नेहमी पकडली जाते. परवा माझ्याकडे बदामाचा एक्का आणि पंजी होती. फ्लॉप : बदामाचा राजा, बदामाची अठ्ठी, किलवरची तिर्री. फ्लश (पाच बदाम) लागला नाही. शेवटी पॉट (मधे जमलेले पैसे) ६,३०० होता, मी १,५०० लावले. समोरच्यानं राजाच्या जोडीवर कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे लावले. (ठाणे)

उत्तर : त्यानं बरोबरच केलं. १,५०० टाकून त्याला ७,८०० मिळायची संधी होती, म्हणजे सहा वेळांत एकदा जरी तो बरोबर ठरला तरी त्याचं नुकसान नाही. ४,२०० लावले असते तर त्याला विचार करावा लागला असता. मात्र मग तुमची हूल शंभरात किमान ४० वेळा चालायला हवी.

तरीही हा डाव हुलीचा नव्हताच. शेवटच्या बेटवर पत्ते टाकून देणारा माणूस कोण? ज्याचाही बदामाचा फ्लश हुकलाय तो. आणि दोन बदाम तर तुमच्याच हातात होते, म्हणजे पळणारे गिऱ्हाईक तुम्हीच कमी केलंत. उलट चित्र बघा : हातात बदामाचा एक्का आणि इस्पिकची राणी, शेवटचा पत्ता बदामाची छक्की. आता सर्वात मोठा फ्लश समोरच्याकडे असूच शकत नाही आणि फ्लॉपपासूनची तुमची प्रत्येक बेट फ्लशच्या गोष्टीला जुळते. इथे ४,२०० लावा. अर्थात, सगळ्याच बेटना कॉल करणाऱ्या काकांपुढे कुठलीही हूल करू नये.

प्रश्न : समोरच्याची बेट ६०० होती. मला रेझ करायचं (बेट वाढवायची) होतं म्हणून न बोलता ५,००० ची एक चिप ठेवली, डीलरनं कॉल धरला. नंतर शेजारी बसलेल्या मित्राशी मराठीत बोललो तर दटावलं. हे कुठले नियम? (पुणे)

उत्तर : दोन्ही नियम जगभर चालतात. न बोलता एकच मोठी चिप पुढे सरकवली की तो कॉल. आधी तोंडानं ‘रेझ’ आणि रक्कम म्हणा, मगच हात हलवा. बोललेला शब्द बांधील असतो, त्यामुळे ‘कॉल’ म्हणून मग ‘आणि वर दोन हजार’ चालत नाही. चिपाही दोन खेपांत सरकवायच्या नाहीत आणि पॉटवर उधळायच्या नाहीत, मोजता येत नाहीत.

भाषेचं कारण साधं : डाव चालू असताना बाकीच्यांना न कळणाऱ्या भाषेत बोललं तर पत्ते सांगितल्याचा संशय येतो. कोणती भाषा चालते ते बसतानाच फ्लोअर मॅनेजरला विचारा. डाव संपल्यावर मराठीत हव्या तेवढ्या गप्पा मारा.

दिवाळीतल्या तीन पत्तीची आणखी एक सवय इथे नडते : डाव चालू असताना खिशातून पैसे काढणं. टेबलावर जेवढं आहे तेवढंच त्या डावात लागतं. आणि जिंकणारे पत्ते हातात असताना समोरच्याला ताटकळत ठेवून मग दाखवू नका. नियमात बसतं, पण टेबल तेवढं एकच लक्षात ठेवतं.