बायॉलॉजी सुटलं, म्हणून हायड्रोजेलही सोडायचं?

प्रश्न : मी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हायड्रोजेलवर (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलवर) सेमिनार दिला, तेव्हापासून टिश्यू इंजिनिअरिंगचं, म्हणजे पेशींपासून ऊती घडवण्याच्या शास्त्राचं, वेड लागलंय. पण बायॉलॉजी अकरावीलाच सोडलं. आता एम.एस्सी. कशात करू? घरचे म्हणतात, यात जन्मभर संशोधनच करत बसशील, नोकरी नाही. – एक विद्यार्थिनी

उत्तर : बायॉलॉजी सुटल्याची रुखरुख आधी मनातून काढून टाक. शरीरात वापरायच्या जेलची वाट दाखवली ती पॉलिमरवाल्यांनीच. प्रागमधल्या ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांचा अशा जेलवरचा शोधनिबंध १९६० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. १९६१च्या नाताळात विख्तर्ले यांनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून घरीच यंत्र जुळवलं आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स काढल्या. गृहस्थ केमिस्टच होते.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं, एवढं तुझ्या सेमिनारमध्ये आलंच असेल. खरी मेख आहे ती जेल किती मऊ, किती कडक यात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच प्रकारच्या स्टेम सेल वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. ०.१ ते १ किलोपास्कल (कडकपणा मोजायचं एकक) इतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, ८ ते १७ वर स्नायूंच्या, २५ ते ४० वर हाडाच्या. आणि तो कडकपणा ठरवला कशानं? क्रॉसलिंकर, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडणारा पदार्थ, किती घातला यानं. म्हणजे पेशीनं काय व्हायचं, यात केमिस्टचाही हात आहे!

अडचणीही तितक्याच खऱ्या. रक्तवाहिन्या नसलेल्या जेलमध्ये ऑक्सिजन साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच नीट पोचतो, त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. म्हणून मुळातच रक्तवाहिन्या नसलेल्या कूर्चेवर भरपूर काम झालंय आणि जाडजूड यकृत अजून हाती लागत नाही. ‘लॅबमध्ये अवयव तयार’ असले मथळे वाचून या वाटेला जाऊ नकोस.

माझं मत विचारशील तर एम.एस्सी. पॉलिमर केमिस्ट्री किंवा मटेरियल्स सायन्समध्ये कर. पदवीच्या नावात ‘टिश्यू इंजिनिअरिंग’ असायलाच हवं असं नाही. पाया कच्चा ठेवून वरचं शिकलं की माणूस धड इकडचा राहत नाही, धड तिकडचा. सेल कल्चरचा, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवण्याचा, हात प्रोजेक्टमध्ये बसतो. तोवर सेल बायॉलॉजीचं एखादं चांगलं पाठ्यपुस्तक घे आणि पेशींबाहेरच्या मॅट्रिक्सचं (पेशींना आधार देणाऱ्या जाळ्याचं) प्रकरण नीट वाच.

त्याआधी कॉलेजच्या लॅबमध्येच एक करून बघ. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणाचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोड. वरची साल चटकन धरते, आत मात्र पातळ राहतं. मग कॅल्शियम कार्बोनेट आणि हळूहळू आम्ल सोडणारं ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन अल्जिनेटमध्येच मिसळ. कॅल्शियम सावकाश सुटतं आणि जेल सगळीकडे सारखं बसतं. दोन्ही जेल रोज वजन करून किती फुगतात, किती झिजतात ते मांड. हे किचकट मोजमाप करताना कंटाळा आला नाही, तर हे क्षेत्र तुझं आहे.

घरच्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. पेशी घालून ऊती घडवायच्या कामात पुढे जायचं तर पीएच.डी.ला बहुधा पर्याय नाही, आणि त्यात वर्षं जातात. पण जखमेवरची ड्रेसिंग, कॉन्टॅक्ट लेन्स, औषध हळूहळू सोडणारी जेल, हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर हे आज विकले जाणारे पदार्थ आहेत. तिथे फॉर्म्युलेशन, चाचण्या आणि नियामक कागदपत्रांसाठी माणसं लागतात. नुसतं निर्जंतुकीकरण घे: ऑटोक्लेव्हच्या उष्णतेनं कितीतरी जेलची वाट लागते, मग दुसरा उपाय शोधणं हेच एखाद्याचं पूर्णवेळ काम होऊन बसतं. आयएसओ १०९९३ ही जैवसुसंगतीच्या चाचण्यांची मानकं आतापासून चाळत राहा, मुलाखतीत उपयोगी पडतील.

प्रवेश घेण्याआधी त्या विभागात ऱ्हिओमीटर (जेलचा मऊ-कडकपणा मोजायचं यंत्र) आणि सेल कल्चरची खोली, दोन्ही विद्यार्थ्यांच्या हाताला लागतात का, हे विचार. उत्तर प्राध्यापकांकडून नको, दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून घे.