वाचकांचे प्रश्न : सिगारेटच्या पाकिटातली विमानं

प्रश्न : आजेसासऱ्यांच्या पत्र्याच्या डब्यात छोटी चित्रकार्डं सापडली. पुढे लढाऊ विमान, मागे इंग्रजी माहिती आणि ‘जॉन प्लेयर अँड सन्स’ हे नाव. पावसाळ्यात काही एकमेकांना चिकटली आहेत. लॅमिनेट करून घेऊ का? आणि विकली तर किंमत येईल का? फोटो सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, लॅमिनेशन मुळीच नको. माझी सगळी नोकरी छापखान्यात गेली, म्हणून कळकळीने सांगतो. लॅमिनेशनच्या उष्णतेने कार्डामागचा डिंक पाघळतो आणि प्लॅस्टिक एकदा बसलं की कार्ड फाडल्याशिवाय निघत नाही.

हा डिंक मुळातलाच. जॉन प्लेयर ही विलायतेतली सिगारेट कंपनी, आणि ही कार्डं तिच्या सिगारेटच्या पाकिटांतून मिळत. कार्डाची पाठ ओली करून ते अल्बमात चिकटवायचं असे. अल्बम विलायतेत तंबाखूच्या दुकानात एका पेनीला मिळे. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तोच डिंक सुटतो. चिकटलेल्या जोड्या ओढू नका, पाण्यातही घालू नका. चित्राचा पापुद्रा निघून येईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथे विचारा. सुटी कार्डं पॉलिएस्टरच्या पाकिटांत घाला (पीव्हीसीच्या नको) आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

फोटोवरून हा १९३८ सालचा, रॉयल एअर फोर्सच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) विमानांचा ५० कार्डांचा संच दिसतो. त्यातली ग्लॅडिएटर आणि स्पिटफायर शेजारी ठेवून पाहा. ग्लॅडिएटरला वरखाली दोन पंख. त्या हवाई दलाचं ते शेवटचं दुपंखी लढाऊ विमान. एकपंखी स्पिटफायर दलात आलं ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. एक युग संपताना आणि दुसरं सुरू होताना एकाच संचात सापडतं, माझ्या लेखी याचं मोल इथे आहे. त्याच वर्षी विल्स या सिगारेट कंपनीने हवाई हल्ल्यापासून बचावाच्या माहितीचा कार्डसंच काढला होता, त्यात गॅस मास्कपासून आगलाव्या बॉम्बपर्यंत सगळ्याची चित्रं होती. लढाई घराच्या दारापर्यंत येणार हे सिगारेटच्या पाकिटातून सांगितलं जात होतं! पुढे १९४० मध्ये कागदटंचाईमुळे ही कार्डं थांबली.

पैशाचं म्हणाल, तर ही कार्डं अफाट संख्येने छापली गेली, त्यामुळे घबाड मिळणार नाही. संच पुरा, कोपरे शाबूत आणि पाठ स्वच्छ असेल तरच थोडा भाव येतो. मागे नंबर असतो, त्यावरून कोणती नाहीत ते लिहून काढा. सुटी कार्डं संग्राहकांकडे अजून मिळतात. विकायचं ठरवण्याआधी संच पुरा करून पाहा.