क्लारा फोल्ट्झ यांनी कायद्याची पदवी नसताना वकिली कशी केली? आज तसं करता येतं का?

पदवी नव्हती हे खरं. पण या बाईंना ‘पहिली महिला वकील’ एवढं लेबल लावून लोक मोकळे होतात, त्याचा मला राग येतो. अमेरिकेतल्या पहिल्या त्या नव्हत्याच. आयोवात अरबेला मॅन्सफील्ड यांना १८६९ मध्येच सनद मिळाली होती. फोल्ट्झबाई अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पहिल्या.

त्या काळी पदवी लागतच नसे. एखाद्या वकिलाच्या ऑफिसात बसून कायदा वाचायचा, मग न्यायालयाने नेमलेल्या समितीपुढे परीक्षा द्यायची. अडचण कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २७५ ची होती: सनद फक्त गोऱ्या पुरुष नागरिकाला. नवरा सोडून गेलेला, पदरी पाच मुलं, अशा परिस्थितीत सॅन होजेच्या या बाईंनी दुरुस्ती विधेयक स्वतः लिहून विधिमंडळात मांडायला लावलं. ते थोडक्या मतांनी पास झालं, गव्हर्नर अर्विन यांची सही झाली आणि सप्टेंबर १८७८ मध्ये बाई वकील झाल्या.

खरी लढाई त्यानंतरची. सनद हातात असूनही त्यांना रीतसर शिकायचं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत हेस्टिंग्ज लॉ कॉलेज नुकतंच उघडलं होतं. १८७९ च्या जानेवारीत त्या तिथे गेल्या, तर संचालकांनी प्रवेश नाकारला. बायकांच्या घागऱ्यांच्या सळसळीने मुलांचं लक्ष विचलित होईल, असंही कारण तेव्हा सांगितलं गेलं. बाईंनी लॉरा द फोर्स गॉर्डन यांच्यासह मँडॅमसची रिट लावली, म्हणजे संस्थेला तिचं कायदेशीर कर्तव्य पार पाडायचा आदेश द्यावा असा अर्ज कोर्टात केला. वकिलांनी इथे मुद्द्याची निवड बघावी. स्त्रीपुरुष समान आहेत की नाहीत, यावर सगळी मदार ठेवली असती तर प्रकरण न्यायाधीशांच्या मतांवर लटकलं असतं. त्यांनी कॉलेजचा स्थापना कायदाच पुढे केला: कॉलेज कॅलिफोर्निया विद्यापीठाशी संलग्न, विद्यापीठात मुलींना प्रवेश आहे, मग संचालकांना वेगळा नियम करण्याचा अधिकार कुठून आला? संस्थापक हेस्टिंग्ज यांनी एक लाख डॉलर देणगी दिली म्हणून ती खाजगी संस्था ठरत नाही. शिवाय त्याच राज्याच्या नव्या कायद्याने स्त्रीला वकील होता येतं, तर वकिलीचं शिक्षण नाकारायचं कसं? खालच्या कोर्टात जिंकल्या, डिसेंबर १८७९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टातही जिंकल्या. पण तोवर पैसा आणि वेळ दोन्ही संपले होते. घर चालवायचं म्हणून पदवी राहिली ती राहिलीच. कॉलेजने ती १९९१ मध्ये मरणोत्तर दिली.

आज? कॅलिफोर्नियात वकिलाच्या हाताखाली शिकायची वाट अजून आहे: चार वर्षं, आठवड्याला १८ तास, त्यातले किमान ५ तास थेट वकिलाच्या देखरेखीखाली, दर महिन्याला परीक्षा, दर सहा महिन्यांनी अहवाल. पहिल्या वर्षानंतर एक स्वतंत्र परीक्षा असते आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. भारतात ही वाट नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने पदवी सक्तीची आहे.

पण बाईंचं मोठं काम वेगळंच. कोर्टाने गरीब आरोपीला दिलेल्या वकिलाला तिथे फी मिळत नसे, म्हणून ते काम नवशिक्यांच्या नाहीतर बेफिकिरांच्या गळ्यात पडे. समोर मात्र पगारी सरकारी वकील आणि पोलिसांची फौज. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक मेळ्यातल्या विधी परिषदेत त्यांनी मांडलं की सरकार आरोप ठेवायला पगारी वकील नेमतं, तर बचावालाही त्याच तोडीचा पगारी वकील नेमावा. १९१४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत असं पहिलं कार्यालय सुरू झालं. १९२१ मध्ये राज्याचा कायदा आला.

आमच्या बार रूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, ‘ज्याला कामं मिळत नाहीत तो लीगल एडला (गरिबांच्या मोफत वकिलीला) जातो’ असं म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. दोष माणसाचा नाही, मोबदल्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो बाईंनी तेव्हाच दाखवून दिला. एका केसमागे तुटपुंजी फी द्यायची आणि मग वकिलाने साक्षीदार शोधावेत, उलटतपासणीची तयारी करावी अशी अपेक्षा ठेवायची, हे जमणारच नाही. नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत जिल्ह्या-जिल्ह्यात आणली, खाजगी प्रॅक्टिसला मनाई केली, हे योग्यच झालं. नेमणुका मात्र कंत्राटी आहेत आणि तपासासाठी स्वतंत्र माणूस नाही.

एक राहिलं. बाईंच्या दुरुस्तीने ‘गोरा’ ही अटही गेली, पण सगळ्यांना दार उघडलं असं समजू नका. १८९० मध्ये हाँग येन चांग यांना त्याच राज्याने सनद नाकारली, कारण चिनी माणसाला नागरिकत्वच मिळत नव्हतं. ती मरणोत्तर २०१५ मध्ये दिली गेली.