गाणं येतं, अभिनय येत नाही. संगीत नाटकाच्या ऑडिशन कार्यशाळेला पैसे भरून जावं का?

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, गाण्याची मध्यमा परीक्षा झालीय, रंगमंचावर कधी उभ्या राहिलेल्या नाहीत, आणि कॉलेजच्या मुलांसाठी आठ दिवसांची कार्यशाळा आहे, फी सात हजार. एवढंच असतं तर मी उत्तराच्या भानगडीत पडलो नसतो. पण खाली तुम्ही लिहिलंय, 'सराव ट्रॅकवर करून घेतील, ऑडिशनही ट्रॅकवरच होईल.' ट्रॅक म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेली साथ. या ओळीने माझं डोकं फिरलं.

मी पेटी वाजवतो. नाटकाला ऑर्गन, बैठकीला संवादिनी. हौशी मंडळींचे प्रयोग, राज्य नाट्य स्पर्धा, कॉलेजांच्या कार्यशाळा, बोलावतील तिथे जातो. जाहिरातीत दिग्दर्शकाचा फोटो असतो, पाहुण्या नटीचा असतो, आम्ही 'आणि इतर'. त्याचं मला काही नाही. दुखणं वेगळं आहे.

पुण्यातल्या एका कॉलेजने अशाच कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी मला बोलावलं होतं. ऑडिशन घेऊन नाट्यप्रवेशांच्या कार्यक्रमासाठी पात्रं निवडायची होती. दिग्दर्शक माझ्यापेक्षा बरेच लहान, हुशार माणूस, मालिकांमध्ये काम केलेले. सकाळी पोचलो तर ऑर्गनवर मुलांच्या सॅक रचलेल्या आणि टेबलावर लॅपटॉप, शेजारी स्पीकर. मला म्हणाले, "काका, साठ मुलं आहेत. एकेकाची पट्टी जुळवत बसलो तर रात्र होईल. तुम्ही निवांत बसा, लागलं तर हाक मारतो."

बसलो निवांत.

मुलगे सगळे काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची ती पट्टी 'सा' धरून, मुली सगळ्या काळी चारमध्ये. दोनच ट्रॅक. एका मुलीचा आवाज सरळसरळ पांढरी चारचा, भरदार, खालचे सूर असे की ऐकत राहावं. अंतऱ्यात तार षड्जाला, वरच्या 'सा'ला, तिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. कागदावर शेरा पडला, 'आवाज चढत नाही.' अहो, आवाज चढत होता, पट्टी चुकीची दिली होती! (ट्रॅकची पट्टीही बदलता येते, हे मला माहीत आहे. दोन बटणं दाबायची असतात. पण दाबतो कोण?)

मग सौभद्र नाटकातला कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश आला, 'प्रिये पहा' या पदाच्या आधीचा. रुक्मिणी झालेली मुलगी गद्य नाटकातली, पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमींत तयार झालेली. तिने अशी पाठ फिरवली की मागे दंगा करणारी पोरंसुद्धा गप्प झाली. कृष्ण दोन पावलं पुढे आला आणि थांबला. तिने मान वळवावी म्हणून थांबला. हे त्याला आठ दिवसांत कोणी शिकवलेलं नव्हतं. तेवढ्यात लॅपटॉपमधले मुखड्याचे सूर संपले आणि ठेका पुढे निघून गेला. तो भानावर आला तोवर सम, तालाची पहिली मात्रा, गेलेली. पकडायला धावला, शब्द गिळले, मधेच कुठेतरी सापडला.

"ताल कच्चा आहे. पुढचा."

मी उठलो. सॅक खाली ठेवल्या, पायाने भाता भरला आणि त्या मुलाला विचारलं, "गातोस कशात?" म्हणाला, "काळी एक." माझ्याबरोबर आलेला तबलजी बाहेर चहा पीत होता, त्याला आत बोलावलं. प्रवेश पुन्हा. या खेपेला कृष्ण आधीपेक्षाही जास्त थांबला. मी षड्ज धरून ठेवला, तबला गप्प. ती वळली, तीही अर्धीच. तेव्हा त्याने 'प्रिये' म्हटलं, जवळजवळ बोलल्यासारखं, आणि 'पहा'वर गाणं सुरू झालं. तबला मागाहून येऊन त्याला समेवर भेटला. आता सांगा, ताल कोणाचा कच्चा होता?

दिग्दर्शक म्हणाले, "छान. पण काका, हे ऑडिशन आहे, बैठक नाही. उद्या ही मुलं जिथे जातील तिथे ट्रॅकच असणार. कोण थांबणार आहे यांच्यासाठी?" आणि कृष्ण दुसऱ्याला दिला. तो घड्याळासारखा नेमका गायला. कोणाशी बोलतोय ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

हा वाद आम्ही नंतर फोनवर घातलाय, टपरीवर घातलाय, एकदा तर कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत घातलाय. ते हटत नाहीत, मीही नाही. त्यांचं म्हणणं, जुनी मंडळी एकेक पद ताणून ताणून गायची, वन्समोअर घ्यायची, नाटक तिथेच झोपायचं, त्यापेक्षा ट्रॅकची शिस्त बरी. नाटक झोपायचं हे खरं. पण त्यावरचं औषध संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी 1964 च्या मत्स्यगंधा नाटकापासूनच दिलेलं आहे. पद आटोपशीर केलं, प्रसंगाला बांधून ठेवलं, आणि त्यासाठी साथीदारांना घरी पाठवावं लागलं नाही.

आणि इतिहासच काढायचा तर, 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं हावभाव करायची. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल उभं केलं त्यात पदं पात्रांच्या तोंडी आली. बोलणारा माणूसच बोलता बोलता गाऊ लागला, सगळी गंमत त्यात आहे. आता लॅपटॉपला सूत्रधार करून मुलांना त्याच्या मागे हातवारे करायला लावायचे असतील तर करा बापडे. त्याला संगीत नाटकाची कार्यशाळा म्हणू नका आणि सात हजार घेऊ नका.

तर तुमचा प्रश्न. आयोजकांना फोन करून एकच विचारा, रोज तालमीला पेटी-तबला प्रत्यक्ष आहे का? असेल तर बाकी काही न बघता पैसे भरा. 'शेवटच्या दिवशी येणार आहेत' असं उत्तर आलं तर नका भरू. अजून एक विचारून बघा, मुलगा-मुलीचं एकत्र पद असेल तर काय करता? मुलगा काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्यम, 'म', म्हणजे काळी तीन, पंचम, 'प', म्हणजे काळी चार. त्यातला जो मुलीच्या गळ्याला सोसेल तो तिचा षड्ज धरायचा. जाणत्या माणसाला हे तोंडपाठ असतं. समोरचा अडखळला तर समजून जा.

अभिनय येत नाही याची एवढी धास्ती घेऊ नका. पदाच्या आधीची चार-पाच गद्य वाक्यं पाठ करा आणि ती पदाइतकीच घोटा. शेवटचं वाक्य तुमच्या षड्जाच्या आसपास आणून सोडा, म्हणजे बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते ऐकणाऱ्याला लगेच कळत नाही. गाणं शिकलेली मुलं इथेच घोटाळा करतात. वाक्य संपवतात, घसा खाकरतात, हात पुढे बांधतात आणि आलापी सुरू. आलाप नको. मुखडा, एक अंतरा, परत मुखडा, झालं.

पद कोणतं? शारदा (1899) किंवा संशयकल्लोळ (1916) या नाटकांतलं छोटंसं, बोलण्याच्या अंगाचं घ्या. कट्यार काळजात घुसली (1967) नको. 2015 साली सिनेमा आल्यापासून दहातली सहा मुलं तेच घेऊन येतात आणि घेणाऱ्यांचे कान किटलेले असतात. स्वयंवर नाटकातल्या रुक्मिणीचं घेणार असाल तर बालगंधर्वांच्या हरकती उचलून आणू नका. त्यांना त्या त्या शब्दावर का सुचल्या हे कळत नाही तोवर ती नक्कलच राहते. आणि राज्य नाट्य स्पर्धेची संगीत नाटकांची फेरी जवळपास असेल तर ओळीने चार-पाच नाटकं बघून या. तिकीट किरकोळ असतं, त्यातली दोन वाईट असतील, तीही बघा.

एवढं सगळं लिहिलं म्हणून ट्रॅक म्हणजे पापच असं धरून बसू नका. तुम्हाला मालिका, जाहिराती किंवा मोठी म्युझिकल करायची असतील तर ट्रॅकवर गाता आलंच पाहिजे. नर्तकींचा अख्खा ताफा एका मोजणीवर हलतो तिथे गायकाला वाटेल तेव्हा थांबता येत नाही. 2016 च्या मुघल-ए-आझम या म्युझिकलमध्ये आपली गायिका प्रियांका बर्वे अनारकली म्हणून रंगमंचावर प्रत्यक्ष गायची, त्यालाही वेगळीच तयारी लागते. ते दिग्दर्शक अगदीच चुकीचं बोलत नव्हते, हे त्यांना सांगू नका. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी कॉलेजच्या संघात शिरता आलं तर तिथे गाणं, वाद्यं, नाच सगळं मुलंच उभं करतात. ती फुकटातली कार्यशाळा आहे.

आणि ऑडिशनला पेटीवाला असेलच तर आत गेल्या गेल्या आधी त्याच्याकडे जा. पट्टी सांगा, मुखडा गुणगुणून लय दाखवा, कुठे थांबणार आहात ते सांगा. तो तुमच्या पांढरी पाचच्या जागी काळी चार देऊन मोकळा झाला तर सगळ्यांसमोर थांबवा आणि बदलून घ्या. रागावत नाही कोणी. मी तरी रागावत नाही.