होमगार्डमध्ये येणार असशील तर

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

होमगार्डमध्ये राहून पुढे पोलीस भरतीला उपयोग होतो का, हा तुझा प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळच देतो. होमगार्डमध्ये तीन वर्षं सेवा झाली की पोलीस शिपाई भरतीत होमगार्डसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणातून अर्ज करता येतो. त्यासाठीच येणाऱ्या मुलामुलींना मी कधी नावं ठेवली नाहीत. पण ही नोकरी नव्हे, हे घरीही नीट सांग, नाहीतर महिनाभरात आई 'पगार झाला का?' विचारायला लागेल. इथे मिळतं ते मानधन. तेही बंदोबस्त लागला तरच, आणि पुष्कळदा उशिरा. २०२४ साली रोजचा कर्तव्य भत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ झाला, हे चांगलंच झालं. मात्र वर्षातले किती दिवस बंदोबस्त लागेल ते आपल्या हातात नसतं. तेव्हा शिवणकाम सोडू नकोस.

मुळात ही संघटना पोटापाण्याचा दुसरा उद्योग असलेल्या माणसांच्या जिवावरच उभी राहिली. १९४६ साली मुंबईत जातीय दंगली पेटल्या होत्या आणि पोलीस कमी पडत होते. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री. ६ डिसेंबरला नागरिकांचं हे स्वयंसेवी दल सुरू झालं, म्हणून त्या तारखेला आपण वर्धापनदिन करतो. लगेच १९४७ मध्ये कायदा आला. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने सगळ्याच राज्यांना अशी दलं एका पद्धतीने बांधायला सांगितलं. आमच्या पथकात शिक्षक होते, किराणा दुकानदार होते, एक न्हावी होता. त्याची सलामी सगळ्यांत कडक.

कायद्यातलं एक कलम मात्र पक्कं ध्यानात ठेव. बोलावणं येऊन ड्यूटीवर उभी राहिलीस की तुला पोलिसाचे अधिकार आणि संरक्षण मिळतं. ड्यूटी सुटली की तू इतरांसारखीच. गणवेशात परत येताना गल्लीतली भांडणं सोडवत बसू नकोस.

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत तुझ्या हातात बहुधा गर्दी अडवायचा दोर येईल. बघणाऱ्याला ते सोपं वाटतं. रात्री दोनला मागून ढोलपथक रेटत असतं, पुढे ट्रॅक्टर अडकलेला असतो आणि मध्ये लेकुरवाळ्या बायका सापडलेल्या असतात. दोर मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही. लोंढा आला की हात सोबत जातो. मुठीत धर, सुटला तर सुटू दे. मूर्तीकडे बघत राहू नकोस, नजर चाकांवर हवी. शिट्टीचं म्हणशील तर त्या गोंगाटात ती कोणी ऐकत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघून 'दादा, मागे घ्या' म्हटलं की माणूस सरकतो, निदान पुण्याबाहेर तरी! आणि पॉइंट, म्हणजे उभं राहायची जागा, मिळाला की जवळ स्वच्छतागृह कुठे आहे ते हजेरीलाच विचार. लाजायचं नाही. साहेबलोकांना हे आपणहून सुचत नाही.

पोलीस ठाण्यात कोणीतरी तुला चहा आणायला पाठवेल. एखाद्या वेळी आण. रोजचंच व्हायला लागलं तर समादेशकांच्या, म्हणजे आपल्या पथकप्रमुखांच्या, कानावर घाल. 'तुम्ही काय, अर्धे पोलीस' असंही ऐकशील. वाद घालत बसू नकोस. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातल्या हुतात्म्यांच्या यादीत होमगार्ड मुकेश जाधव हे नाव आहे. मारणाऱ्यांनी अर्धा-पुरता पाहिला नव्हता.

आठवड्याची परेड बुडवू नकोस. कंटाळवाणी असते, खरंय. पण बंदोबस्ताला नावं काढताना आधी परेडची हजेरीच उघडली जाते.

राहिली भरती. वय २० पूर्ण, दहावी पास, मुलींना उंची १५० सेंटिमीटर. तू तिन्हीत बसतेस. मैदानी चाचणीला ८०० मीटर धावणं आणि ४ किलोचा गोळा. धावायची तयारी सगळ्याच करतात, गोळा मात्र थेट चाचणीच्या दिवशी हातात घेतात आणि गुण घालवतात. माझ्याकडे एक जुना पडून आहे. रविवारी सहाला शाळेच्या मैदानावर ये. दहावीचं प्रमाणपत्र नि आधार कार्डही आण, दोन्हींवर नाव सारखंच आहे ना ते आधी बघू.

तुझा,
काका